काठवटीतलं मलम

गुलबर्गा
शनिवार, ८ नोव्हेंबर १९८६

ती. आत्यास,
खेमाचा सप्रेम जयभीम वि. वि.

मी बरी आहे. तू बरी आहेस हे परवा डोळ्यांनी पाहिलं, म्हणून विचारत नाही. आधी काय झालं ते क्रमाने लिहिते.

१. ११ सप्टेंबरला तुझं आणि निलम्माचं नाव आमच्या कोडाच्या अभ्यासात घातलं. तुझा नंबर एकोणचाळीस, तिचा चाळीस.

२. त्याच दिवशी मी संमतीचा कागद दोघींना वाचून दाखवला. डबे दोन प्रकारचे आहेत. एका प्रकारात औषध घातलेलं मलम आहे, दुसऱ्यात नुसतं मलम, औषध नाही. कोणाला कोणता डबा मिळाला हे तुम्हाला माहीत नाही, मला नाही, अभ्यास चालवणाऱ्या रेवणसिद्धप्पा सरांनाही नाही. यादी पाकिटात बंद आहे. तू म्हणालीस, कळलं.

३. ९ ऑक्टोबरला दोघींचे डाग मोजले, जुने डबे परत घेतले आणि प्रत्येकी साठ ग्रॅमचे नवे दिले.

४. ते डबे ६ नोव्हेंबरला परत आले. काल वजन केलं. एकोणचाळीस नंबरच्या डब्यात एकोणीस ग्रॅम मलम उरलं होतं. चाळीस नंबरच्या डब्यातही एकोणीस. काटा दोन्ही वेळा एकाच रेषेवर थांबला.

५. सांगितल्याप्रमाणे रोज एक ग्रॅम लावलं, तर अठ्ठावीस दिवसांत दोघींचं मिळून छप्पन्न ग्रॅम संपायला हवं. ब्याऐंशी संपलं आहे. सव्वीस ग्रॅमचा पत्ता नाही.

६. दोन्ही डब्यांतलं थोडं मलम काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. दोन्हींत पिठाचे कण आहेत. आयोडीनचा थेंब टाकल्यावर ते निळे झाले. तू दिलेल्या ज्वारीच्या पिठाशी आकार जुळवून पाहिला, जुळला. न उघडलेल्या डब्यात असे कण नाहीत.

७. सहा तारखेला निलम्माच्या ओठाखालच्या डागात रंग परत येत असल्याचे तीन काळे ठिपके दिसले. मी ते वहीत लिहिले. ते कशामुळे आले हे आज मला सांगता येत नाही.

आत्या, मला जे वाटतं ते खरं असेल तर तुम्ही दोन्ही डबे एकत्र केले. तसं असेल तर तुमच्या दोघींची नावं यादीतून निघतील आणि मलम बंद होईल. ही चाळीस माणसं जमवायला आम्हाला चौदा महिने लागले. अडतीस झाली होती तेव्हा तू स्वतः आलीस, निलम्मालाही घेऊन आलीस, आणि सरांसमोर म्हणालीस की माझ्या भाचीचा आकडा पुरा करायला आलो. ते मी विसरलेले नाही.

मी अजून कोणाशी बोललेले नाही. आधी तुला विचारते. सहा तारखेला दिलेले डबे उघडू नका. उघडले असतील तर आहेत तिथे थांबा.

इकडे विशेष काही नाही. खोलीत आता दोन खिडक्या आहेत, पैकी एक उघडते. मामांच्या गुडघ्याला शेक चालू ठेव. ते नको म्हणतील, तरी चालू ठेव.

रागावून लिहिलं आहे असं समजू नकोस. आकडे घातले की मला नीट लिहिता येतं, एवढंच. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
खेमा


खटकचिंचोळी
१४ नोव्हेंबर ८६

चि. खेमास,
आत्याचे लाख आशीर्वाद अन् जयभीम.

तुझं पत्र आलं. एक ते सात आकडे बघून मला वाटलं, कोर्टाचं समन्स आलं. तुझ्या मामांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. सहाव्या आकड्याला आले अन् म्हणाले, पोरीनं काठवट बी पकडली की गं. मग लई हसले. गुडघा धरून हसले. मला काई हसू आलं न्हाई.

व्हय, काठवटच. भाकरीची. म्या धुतली होती, पण लाकडाच्या भेगंत पीठ ऱ्हातं, ते कोण बघतंय? तू बघायलीस.

आता मी सांगते, पण आकडे घालणार न्हाई.

नऊ ऑक्टोबरला तू माझा हात मोजलास. एकदा मोजलास, लिवलंस, परत मोजलास, अन् तिसऱ्यांदा मोजून ओठ दाबलास. तू चौथीत होतीस तवा बी गणिताचं उत्तर बरोबर आलं की असाच ओठ दाबायचीस. मग निलम्माला एकदाच मोजलंस अन् बरं म्हणालीस. बस. हुमनाबादला गाडी बदलून बसल्यावर म्या हात उन्हात धरला. मनगटावरच्या पांढऱ्यात सा काळे ठिपके, खसखशीवानी. निलम्मानं बी बघितलं. मग खिडकीतून तुरीची रानं बघत बसली. तूच कागद वाचून सांगितलं होतंस की एकात हाय, एकात न्हाई. मग मला कळलं कुणाच्यात हाय.

खेमा, माझं वय बावन. वीस वरसं झाली हे डाग वागवते. ज्यांना माझ्या हातची चोळी घालायची त्या घालतात, न्हाई त्या भालकीला जातात. मला ठिपके आले काय अन् गेले काय. निलम्मा चोवीस वरसाची. मुडबीवाल्यांनी वरीस झालं म्हायेराला आणून सोडलीय. सासरा म्हणून गेलाय की येळवशीच्या सणाला जेवायला येऊन तोंड बघू, फरक दिसला तर नेऊ.

पैलं म्या तिला माझा डबाच देऊ केला. तू घे, तुझा मला दे, खेमाला काय कळतंय. तर म्हणाली, न्हाई अक्का. तुझं घेऊन मी बरी झाले तर तुझ्या हाताकडं बघायची मला चोरी व्हईल. लई मानी हाय. मग म्या म्हटलं, तुझं न्हाई अन् माझं न्हाई, काठवटीत घालू. तवा कुटं ऐकली.

आमच्या घरात ती पैल्यांदा आत आली त्या दिवशी. आजवर चोळी शिवायला टाकायची ती भाईर उभी ऱ्हाऊन. तिच्या आईचं, मल्लव्वाचं, तुला ठावं हाय. आमच्या हातचं पाणी त्यांना चालत न्हाई. मलम चाललं. रोज सकाळी दोघींच्या रानाच्या बांधावर मी डबा घेऊन जायची, दोघी लावायच्या अन् तू सांगितल्यावानी धा मिनिटं उन्हाला बसायच्या. या रोगात अंगातले राखणदारच आपल्या रंगावर उठतात म्हणून तू समजावलं होतंस. तिला म्या कन्नडात सांगितलं. ती म्हणाली, अक्का, हे तर मी मुडबीला बघून आले.

तुमच्याकडं यायच्या आदल्या दिवशी उरलेलं दोन डब्यांत परत घातलं. एकीचं जास्त, एकीचं कमी दिसलं तर तुला शंका येईल, म्हणून आप्पारावच्या दुकानात जाऊन दोन्ही डबे तराजूच्या दोन पारड्यांत ठेवले अन् बोटानं कमीजास्त करून काटा मधात आणला. शंका येऊ नये म्हणून केलं, अन् त्यानंच आली म्हण. शिकवलेली पोरगी अशी उलटती.

नवे डबे उघडले न्हाईत. कणगीवर ठेवलेत.

अन् तुझे सव्वीस ग्राम. त्यो तुझा वाटा. काठवटीत कालवलं त्याच दिवशी काढून ठेवला. आप्पाराव माल आणायला गुलबर्ग्याला यायलाय, त्याच्याजवळ डबी दिलीय. कुंकवाची हाय, पण घासून घेतलीय.

कामून म्हणून विचारू नको. मे महिन्यात गुलबर्ग्याच्या उन्हात मोजे घालणारी तू एकलीच असशील. मला म्हणालीस, लॅबमंदी लागतात. आमच्या न्हाणीत बी लॅब हाय का? आंघूळ करून मोजे घालूनच भाईर आलीस. मी शिवणारी बाई हाय, झाकल्यालं मला आधी दिसतं.

काई लिवू नको. लाव.

मामांचा जयभीम. थोरल्या म्हशीला पारडी झालीय, तुझ्यावानीच नाक वर करून बघती.

माझी आठवण ठेव, हिशोबाची नको.

आत्या


गुलबर्गा
मंगळवार, १८ नोव्हेंबर १९८६

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

आप्पाराव काका रविवारी येऊन गेले. डबी मिळाली. आत मलम साडेपंचवीस ग्रॅम आहे. अर्धा ग्रॅम काठवटीला राहिला असावा. मी ते लावलेलं नाही. कपाटात ठेवलं आहे.

मोज्यांबद्दल मला काही लिहायचं नाही.

गुरुवारी, २७ तारखेला, बाह्यरुग्ण विभाग संपल्यावर मी सरांना सगळं सांगणार आहे. तुला विचारत नाही, कळवते आहे. न कळवता केलं असतं तर ते वाईट झालं असतं.

कारण लिहिते. यादीत संतपूरचे एक गृहस्थ आहेत. दोन गाड्या बदलून येतात. त्यांच्या डब्यात कदाचित औषधच नाही. सहा महिने ते नुसतं मलम लावतील आणि आम्ही ते मोजत राहू. हे त्यांना मी वाचून दाखवलं आहे आणि तरीही त्यांनी अंगठा दिला, कारण पुढच्यांना कळेल की हे मलम चालतं की नाही. निलम्माच्या नावापुढे मी तीन ठिपके लिहिले आणि ते तसेच ठेवले, आणि तिच्या डब्यात औषध नसलं, तर नुसत्या मलमानेही ठिपके येतात असं पुस्तकात जाईल. मग त्या गृहस्थांचे सहा महिने मी फुकट घालवले असं होईल. तू कापड एकदा चुकीचं कापलंस तर पुढचे सगळे तुकडे चुकतात. हे तसंच आहे.

मुडबीचं मला माहीत नव्हतं. तू सप्टेंबरमध्ये सांगितलं नाहीस. सांगितलं असतंस तरी डबा बदलता आला नसता, पण मला माहीत असतं.

चूक तुझी एकटीची नाही. मी तीनदा मोजायला नको होतं. तेही सांगणार आहे.

मामांच्या गुडघ्याचं काही लिहिलं नाहीस.

हे पत्र चौथ्या कागदावर लिहिते आहे. पहिले तीन फाडले. त्यावरून समज.

खेमा


खटकचिंचोळी
२३ नोव्हेंबर ८६

चि. खेमास,
आत्याचे आशीर्वाद व जयभीम.

मामांचा गुडघा बरा हाय. झालं समाधान?

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस मशीनला बसले न्हाई. मामा म्हणाले, पोरीचं बरोबर हाय. म्या म्हटलं, बरोबर हाय म्हणूनच राग यायलाय, चूक असती तर भांडले असते.

एक माझं ऐक. सरांना सांग, पण असं सांग की सरुबाईनं एकलीनं केलं. निलम्माला न विचारता तिचा डबा घेतला अन् कालवला. माझं नाव काट, तिचं ऱ्हाऊ दे. मी म्हातारी, मला डोकं न्हाई म्हण. मला काई वाटणार न्हाई. येळवस एका महिन्यावर आलीय, अन् तिच्या ओठाखाली आत्ता कुटं तीन ठिपके दिसायलेत. एवढं करशील का? म्या तुझ्याकडं आजवर काई मागितलं न्हाई, लोणच्याच्या बरण्या परत मागितल्या तेवढंच.

हे लिवून झाल्यावर निलम्मा आली. म्या तिला वाचून दाखवलं. तिनं पत्र हातातून घेतलं अन् म्हणाली, हे पाठवू नको. मग म्हणाली, पाठव, पण खाली माझं बी लिव. तर तिचं लिवते. ती म्हणायलीय की काठवट दोघींनी धरली होती. सरुअक्का कालवायली तवा ती सरकत होती, म्हणून म्या एका बाजूनं दाबून धरली. खेमाअक्कानं एकदा खोटं लिवलं तर तिचं मोजलेलं कुणी खरं धरणार न्हाई. सासऱ्याला तीन ठिपके बघायचे तर बघू दे, न्हाई तर जेवून जाऊ दे. मी आता सरुअक्काकडं शिवण शिकायलेय, काजं बरी जमायलीत. असं म्हणाली. मल्लव्वाला ठावं हाय का म्हणून विचारलं, तर म्हणाली, आईनंच सुई दिली.

तवा आता तू बघ. दोन्ही लिवलंय, माझं बी अन् तिचं बी. तुला पायजे ते धर.

मोज्याचं तुला लिवायचं न्हाई तर नको लिवू. पण मी लिवते. तू सात वरसाची होतीस. तुझी आई जाऊन तीन महिने झाले होते, अन् माझ्या हाताला डाग नवे होते. भालकीच्या बाजारात सुईदोरा विकायला बसायची तर बाया माझ्या हातून सुई घेत नव्हत्या, पैसे बी वरून टाकायच्या. तू माझ्या डाव्या हाताला होतीस, चांगल्या. तिथून उठून उजव्या बाजूला आलीस अन् ह्यो हात धरलास. भालकीच्या मोटारस्टँडपस्तोर सोडला न्हाईस. घामानं भिजला, तरी न्हाई. त्या दिवसापासनं म्या हात पदराखाली घेतला न्हाई, खेमा. कुणाच्या बापाला भिले न्हाई.

तू आता कुणाचा हात धरतीस?

गावातल्या विहारात सा डिसेंबरला सगळे जमणार हाईत. तुझ्या नावानं बी एक मेणबत्ती लावीन. चिडू नको, ती बी मोजून एकच.

राग असला तरी पत्र लिवत जा. रागाचं बी चालंल.

आत्या


गुलबर्गा
शनिवार, २९ नोव्हेंबर १९८६

ती. आत्यास,
सप्रेम जयभीम वि. वि.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. दोन्ही म्हणणी वाचली. निलम्माचं धरलं.

गुरुवारी दोन वाजता मी सरांच्या टेबलावर दोन डबे, काच आणि तुझी कुंकवाची डबी ठेवली आणि सांगितलं. त्यांनी काच स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बराच वेळ पाहिली. तुझं म्हणणंही मी लपवलं नाही, की एकट्या सरुबाईचं नाव काटावं अशी विनंती आहे. ते म्हणाले, एकटीने काठवट हलते. त्यांच्या आईचीही हलायची.

वाटणी कोणी केली, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, माझ्या आत्याने. ते म्हणाले, चाळीस जणांना आपण कागद वाचून दाखवला, तो पुरता कळलेली ही पहिलीच बाई दिसते. सर हसले की रागावले ते मला नक्की सांगता येत नाही. दोन्ही असावं.

आता काय ठरलं ते.

तुमच्या दोघींची नावं निघाली. कणगीवरचे डबे परत आणायचे आहेत. पाकीट मार्चपर्यंत उघडणार नाही, म्हणजे औषध तुझ्याच डब्यात होतं की नाही हे तोवर कोणालाच कळणार नाही. मलाही नाही. तू अंदाज केलास, तो माझ्या ओठावरून केलास, आणि माझा ओठ काही पुरावा नाही.

निलम्माला ते मलम मिळणार नाही. पण गुरुवारचा बाह्यरुग्ण विभाग तिच्यासाठी बंद झालेला नाही. सर तिला नेहमीचं औषध सुरू करतील, गोळ्या आणि सकाळचं ऊन. त्याला सहा महिने तरी लागतात, कधी वर्ष. काहींना गुण येतो, काहींना येत नाही. येळवशीपर्यंत मुडबीकरांना दाखवण्यासारखं काही होणार नाही. हे तू तिला सांगू नकोस. मी स्वतः सांगेन. वाचून दाखवणार नाही, नुसतं सांगेन.

गुरुवारी तपासणीला आलेल्यांपैकी एकाच गावच्या सगळ्यांना थांबवून घेऊन काल आम्ही विचारलं. संतपूरच्या ज्या गृहस्थांबद्दल मी लिहिलं होतं, त्यांचा भाऊही यादीत आहे. दोघांनी या महिन्यात एकाच डब्यातून लावलं आणि दुसरा डबा संपल्यावर लागेल म्हणून ठेवून दिला. घरात दोन डबे एकदम कशाला फोडायचे, असं मलाच विचारलं. आत्या, मी ज्यांच्या सहा महिन्यांचं तुला लिहिलं, ते हेच. त्यांचंही नाव निघालं. जानेवारीत नवी यादी सुरू होईल, तेव्हा एका गावातल्या सगळ्यांना एकाच प्रकारचे डबे द्यायचे असं ठरलं आहे. हे आम्हाला आधी सुचायला हवं होतं. मी काठवटीत वाढले, तरी मला सुचलं नाही.

आता उरलेलं.

सरांनी शेवटी डबीवर बोट ठेवून विचारलं, ही कोणाची. माझी, असं म्हणाले. कशासाठी, असं त्यांनी विचारलं. तेव्हा मी सांगितलं. डावं पाऊल, घोट्याच्या खाली, चार वर्षं. हे मी मोठ्याने पहिल्यांदा बोलले, आणि इतक्या वेळा इतरांचं लिहिलं असल्यामुळे वाक्य बरोबर झालं.

सरांना धक्का बसला नाही. ते म्हणाले, मग डाग मोजायचं काम तुझ्याकडे नको, डोळा आपल्या बाजूने झुकतो. हे योग्यच आहे. मी वजन आणि सूक्ष्मदर्शक पाहीन. मग म्हणाले, औषध कपाटात ठेवून कोणी बरं होत नाही, केसपेपर काढ.

काल दुपारी, लॅब रिकामी असताना, मी माझा डाग मोजला. लांबी बासष्ट मिलिमीटर, रुंदी एकतीस. एकदाच मोजला. मला तो याहून खूप मोठा वाटत होता.

गुरुवारी, ११ डिसेंबरला, सकाळी नऊ वाजता मी केसपेपर काढणार आहे. त्यात नाव, वय, गाव यानंतर एक रकाना असतो, सोबत कोण आलं आहे. चाळीस जणांचा तो रकाना मी भरला. कोणाची आई होती, कोणाचा दीर, एकाची शेजारीण. काल कोरा कागद घरी आणून माझा भरून पाहिला. त्या रकान्यापाशी थांबले.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे कोणाचाच नाही.

निलम्माला येताना घेऊन ये, तिला त्याच दिवशी दाखवू. कणगीवरचे डबे आण. मामांना एकटं ठेवायचं तर गुडघ्याच्या तेलाची बाटली हाताशी ठेव. हुमनाबादहून सातची गाडी धरलीस तर वेळेत पोचशील. मी स्टँडवर उभी राहीन. मोजे घालणार नाही, म्हणजे तुला लांबून ओळखू येईन.

लोणच्याच्या तीन बरण्या परत देते.

माया कमी करू नकोस. वाटायची असेल तर मला आधी सांगून वाट.

येणार की नाही ते सोमवार, ८ डिसेंबरपर्यंत मला पोचेल असं कळव.

खेमा